आत्याबाईची कोंबडी

मी त्या गावची मतदार नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ग्रामसभेत मला ते तीनदा ऐकवलं गेलं. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी लग्न होऊन मी शहापूरला गेले, माझं नाव तिकडच्या यादीत चढलं आणि नाकाडोंगरीच्या अलीकडचं माझं माहेर कागदोपत्री माझं राहिलं नाही. पण ज्या तलावात मी पोहायला शिकले त्या तलावावरच्या पाखरांना काय म्हणतात, हे सांगायलाही मतदार असावं लागतं, हे मला नवीन होतं.

भांडण एका कोंबडीवरून झालं. घरातल्या नव्हे, पाणकोंबडीवरून. जांभळट निळं अंग, लाल चोच, कपाळावर लाल टिक्का आणि लांबच लांब लाल तंगड्या. चालताना शेपटी सारखी झटकते आणि झटकली की खालची पांढरी पिसं दिसतात. पुस्तकात तिला जांभळी पाणकोंबडी म्हणतात. आमच्या गावात तिला आत्याबाईची कोंबडी म्हणतात. ही आत्याबाई म्हणजे माझ्या बाबांची सख्खी बहीण, आणि ते नाव कसं पडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी सहा-सात वर्षांची असेन. आत्याबाईच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली. आत्याबाईने रडारड केली नाही. कपड्यांचं गाठोडं उचललं आणि बपेऱ्याकडच्या सासरहून काही बैलबंडीत, काही पायी, अशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. आजोबा आदल्याच वर्षी वारले होते आणि सगळी जमीन बाबांच्या एकट्याच्या नावावर चढली होती. वारसांत बहिणीचंही नाव लावायचं असतं, हे कोणाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर बोललं कोणी नाही. आत्याबाई आठ दिवस गप्प बसली आणि नवव्या दिवशी बाबांना म्हणाली, "मले फुकटचं नाइ खायाचं. एक बांधी दे, मी रोवतो."

बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, आखलेलं धानाचं शेत. बाबांनी दिली ती तलावाला लागलेली, सगळ्यात खालची, जिच्यात बैल उतरायला तयार नसत. वरून तिथे पाणकोंबड्यांचा उच्छाद. तलावातल्या गवतातून निघायच्या, कोवळं धान मुळापासून कापायच्या, कांडी पायात धरून पोपटासारखी खायच्या. देणं म्हणायचं आणि नको ते गळ्यात बांधायचं, हा आमच्या बाबांचा जुना हातखंडा.

आता पाखरांना नावं कशी पडतात ते सांगते. शहाण्या लोकांना वाटतं, कोणी तरी दुर्बीण घेऊन बसलं असेल आणि विचार करून नाव ठेवलं असेल. आमच्याकडे नावं रोवण्यात पडतात. रोवणा म्हणजे धानाची लावणी, ती बायकांची. पाठीवर पाऊस, हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी, दिवसभर कंबर वाकलेली. तोंडाला मात्र काम नसतं. मग ते चालतं, आणि समोर जे दिसेल त्याच्यावर चालतं. धुऱ्यावर मान आखडून, काही न करता तासन्‌तास उभा राहतो तो तपकिरी बगळा, त्याला बायका मुकादम म्हणायच्या. खरा मुकादम शेजारीच छत्री धरून उभा असायचा. पांढरा बगळा चिखलात एकेक पाय उचलून, कपडे मळतील अशा भीतीने चालतो, तो जावई. थव्याने शीळ घालत उतरतात ती बदकं वऱ्हाडी. कोणी कोणाला विचारत नसे. एकीने म्हणायचं, रांग हसायची, हसली की नाव पक्कं. पुस्तकातली मराठी नावं तरी काय वेगळी आहेत? तांबट, शिंपी, धोबी, खाटीक, कोतवाल. सगळी हाताने काम करणारी माणसं. त्यांची नावं पाखरांना लावणारेही त्यांच्या शेजारचेच असणार.

पण आत्याबाईच्या कोंबडीचं नाव बायकांनी ठेवलेलं नाही. ते बाबांनी ठेवलं.

त्या पहिल्याच पावसाळ्यात आत्याबाईने एक वेगळी गोष्ट केली. रोवून उरलेले जून पऱ्हे आपण फेकून देतो. ते तिने तलावाच्या बाजूने दोन हात रुंद पट्टीत दाट खोचून टाकले आणि ती पट्टी पाखरांना सोडून दिली. कोंबड्या यायच्या, पट्टीत खायच्या, पोट भरलं की बऱ्याचशा तिथूनच परतायच्या. सगळ्या नाही, पण बऱ्याचशा. बाबा पाहायला आले तेव्हा दहा-बारा कोंबड्या त्या पट्टीत मजेत खात होत्या आणि आत्याबाई चार हातांवर निंदण काढत होती. बाबांनी गोटा उचलला. ती म्हणाली, "राहू दे." शेजारच्या बांधीत सगळी रांग वाकलेली होती, माझी आई होती, तिच्या मागे मी. बाबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नवरा राखता नाइ आला, आता कोंबड्या राखते वाटते! राख बाई, राख तुह्या कोंबड्या!"

रांग हसली. आई हसली. मीही हसले, कशाला ते न कळता.

आत्याबाई सरळ उभी राहिली, चिखलाचे हात कमरेवर ठेवले आणि म्हणाली, "हो, माह्याच होत. कोनी गोटा मारून तं पाहा."

बाबांनी गोटा टाकला. नाव मात्र राहिलं. आधी ते चिडवायला म्हणायचे. आत्याबाई रस्त्याने निघाली की पोरं मागून कोंबडीसारखी ओरडायची. मग दोन-चार वर्षांत शेजारच्या बांध्यांमध्येही जून पऱ्ह्यांची पट्टी दिसायला लागली. "आत्याबाईच्या कोंबड्यांचं काढून ठेवलं का?" असं लोक एकमेकांना विचारायला लागले आणि त्यात चिडवणं उरलं नाही. आज गावातल्या बारक्या पोरांना विचारलं तर ते पाखराचं नाव सांगतील; पण आत्याबाई हे एक माणूस आहे आणि ती माझ्या भावाच्या पडवीत बाजेवर बसलेली असते, हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नसेल. ती ऐंशीच्या घरात आहे, कानाने कमी ऐकते. बांधी आता भाऊ करतो. घरावर तिचं नाव नाही, जमिनीवर नाही, भांड्यांवरसुद्धा नाही. गावात तिचं म्हणून काही असेल तर ते पाखराचं नाव.

गेल्या ऑगस्टमध्ये मी राखीसाठी माहेरी गेले तेव्हा गावात धामधूम चालली होती. गावातली झाडं, मासे, पाखरं, औषधी, सगळ्यांची नोंदवही करायची होती आणि त्यासाठी नागपूरहून एक मुलगी आली होती. मुलगी गुणी. चिखलात चपला हातात घेऊन फिरायची, कोणाच्याही घरी चहा घ्यायची. तिच्या तक्त्यात एक रकाना होता, 'स्थानिक नाव'. भावाच्या घरी चहाला आली तेव्हा ती मला म्हणाली, "काकू, तुमच्या गावातली नावं किती शुद्ध आहेत हो! दुसरीकडे असं मिळत नाही."

मी तिच्या हातातला कागद पाहिला. गायबगळा. वंचक. अडई. जांभळी पाणकोंबडी. मला आधी कळेना की हे कोणत्या गावचं आहे. मग भाऊच हसत म्हणाला की शाळेतल्या गुरुजींनी मोबाइलवरून नावं उतरवून घराघरांत वाटली होती. सरपंचांनी सांगितलं होतं, बाहेरचं माणूस विचारायला येणार, गावाची इज्जत राखा. लोकांनी पाठ केली. ज्या बायकांनी जन्मभर जावई-मुकादम केलं, त्यांनी तोंड वाकडं करून 'वंचक' म्हटलं. पाहुणा आला की आपण फाटकी गोधडी पेटीत कोंबतो आणि ठेवणीतली चादर अंथरतो, तसं. वर एक रोहित पक्षीही घुसला होता. आमच्या तलावावर रोहित कोणाच्या बापाने पाहिला नाही, पण यादीत होता, नाव चांगलं वाटलं, सांगून टाकलं. मुलीने शंका काढली तर कोणी तरी म्हणालं होतं, "येते न मॅडम, उन्हाळ्यात येते."

मला हसूही आलं आणि संतापही आला. तिच्याजवळ एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते चाळताना दिसलं की कितीतरी पाखरांच्या नावात माणसांची नावं आहेत. मी एकावर बोट ठेवून विचारलं, "हा कोण?"

"साहेब होता, काकू. इंग्रजांच्या काळात इकडच्या जंगलांतली पाखरं मारून त्यांची कातडी विलायतेला पाठवायचा. त्याच्या मानासाठी नाव दिलं."

"आणि हा?"

"हा त्याचा मित्र."

"यानेही मारूनच पाठवली?"

ती थोडी ओशाळली. "हो. तेव्हा तसंच करायचे."

त्या रात्री मी ठरवलं की ग्रामसभेत बसायचं. मतदार नसले तरी बसायला कोणी मनाई करत नाही.

समाजमंदिरात सभा भरली. ग्रामसेवक यादी वाचायला लागले आणि 'स्थानिक नाव, जांभळी पाणकोंबडी' आलं तशी मी उठले. म्हटलं, "हे कोनाचं स्थानिक? तिले आपल्या इथं आत्याबाईची कोंबडी म्हनते. ते लिवा."

सभेत कुजबुज झाली. सरपंच माझ्यापेक्षा लहान, त्यांनी सभ्यपणे सांगितलं, "बाई, तुमी इथल्या मतदार नाइ." हे पहिल्यांदा. मी बसले नाही. तेव्हा भाऊ उठला. माझी राखी त्याच्या मनगटावर होती, तिचा रंगही उतरला नव्हता.

"ते नाव नाइ, ते चिडवनं होय," तो म्हणाला. "बाबाच्या तोंडून रागात निघालं. घरची गोष्ट सरकारी कागदात कायले टाकतं?"

"बाबानं फेकलं अना तिनं उचललं," मी म्हटलं. "पन्नास वर्सं वापरलं. आता ते तिचं होय. अना हे पाहा, त्या पुस्तकात साहेबाइची नावं हायेत. ज्यानं पाखरू मारलं त्याचं नाव चालते, जिनं पोसलं तिचं काहून चालत नाइ?"

"तू या गावची मतदार नाइस." हे दुसऱ्यांदा, सख्ख्या भावाने. आणि मग त्याने ते काढलं जे त्याने काढायला नको होतं. "बाबा गेल्यावर हक्कसोडीवर सही देऊन मोकळी झाली तू. आता माहेरच्या कागदात कायले हात घालतं?"

हे खरं होतं. बाबा गेल्यावर त्याने कागद पुढे केला आणि मी न वाचता सही केली होती. सगळ्या बहिणी करतात. बदल्यात त्याने साडी घेतली, ती मी दिवाळीला कौतुकाने नेसले होते. सभेत सगळ्यांसमोर त्याने ते काढलं, तरी मी बसले नाही. तिसऱ्यांदा कोणी तरी मागून म्हटलं, "मतदार नाइ त्या, बसवा त्याइले."

तेव्हा भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. रोवण्याच्या रांगेत ती नेहमी पहिली असायची. मुकादमाचं नाव बगळ्याला तिनेच लावलेलं. म्हणाली, "मी हाये न मतदार. मी म्हनतो. आत्याबाईची कोंबडी. लिव वो पोरी." तिच्या बाजूची म्हणाली, "मीबी हाये." बायकांची बाजू सगळी बोलायला लागली. नागपूरच्या मुलीने लॅपटॉप पुढे ओढला, खोडलं, लिहिलं आणि विचारलं, "मग गायबगळ्याला?"

"जावई!" अर्धी सभा ओरडली.

पुढचा अर्धा तास कोणाच्याने आवरला नाही. वऱ्हाडी तर सरपंचांनीच सांगितलं. रोहित पक्षी बिचारा त्यांना फार आवडला होता, तो काढताना त्यांचं तोंड उतरलं. भाऊ मात्र उठून गेला होता. मी घरी निघाले ती निवडणूक जिंकल्यासारखी.

आत्याबाई पडवीत बाजेवर बसून मुगाच्या शेंगा सोलत होती. मी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं की तुझं नाव आता सरकारी वहीत गेलं, तुझी कोंबडी गेली, सगळ्या बायकांनी उठून लिहायला लावलं. ती ऐकत होती. शेंगा सोलणं थांबलं नाही. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "कोंबडीचं लिवलं. बांधीचं लिवलं का?"

मी म्हटलं, बांधीचं तिथे नसतं लिहायचं.

"मंग कायले भांडली?"

मला राग आला. म्हटलं, तू पन्नास वर्षं त्या पाखरांना पोसलं म्हणून भांडले. तिने पहिल्यांदा शेंग खाली ठेवली.

"मी कायले पोसू त्याइले? त्या माह्या कोन? धुऱ्याच्या आत कोनाले येऊ द्याचं अना कोनाले हाकलाचं, हे ज्याची बांधी तो ठरवते. तुहा बाप गोटा उचलून आला तवा मले तेच सांगाचं होतं. बांधी माही होती, बाई. तुमी साऱ्याइनं कोंबड्याच पाहल्या."

 एवढी वर्षं मी तिची दया सांगत फिरले होते. माझ्या मुलांना सांगितलं, शहापूरच्या बायकांना सांगितलं, आताच भर सभेत सांगितलं. तिला दया दाखवायचीच नव्हती. तिला मालकी दाखवायची होती. त्या दिवशी बांधीत मी हसले होते, आणि मोठी झाल्यावर कौतुक केलं, तेही चुकीच्या गोष्टीचं. स्वतःचा हक्क तर मी एका साडीवर सोडला होता, मला तिचं म्हणणं कळणार तरी कसं?

मी भावाच्या खोलीच्या दारात जाऊन विचारलं, "आत्याबाईचा वाटा कुठं हाये?" तो म्हणाला, तिला काय कमी आहे इथे, दोन वेळा जेवते, औषधपाणी होतं. मी म्हटलं, मी जेवणाचं विचारलं नाही. तेव्हापासून त्याने माझ्याशी बोलणंच टाकलं आहे. वहिनी कधीमधी चोरून फोन करते, आत्याबाईची खुशाली सांगते, आणि "मी सांगतलं म्हनू नोका" म्हणून ठेवते.

माझी सही गेली ती गेली, ती मी कोणाच्या बळजबरीने केली नव्हती. आत्याबाईने मात्र कधी कुठे सही केलेली नाही, तिला कोणी विचारलंच नव्हतं. मी तलाठ्याकडे जाऊन आजोबांच्या मागचा जुना फेरफार काढला. वारस एकच: माझे बाबा. जणू आजोबांना मुलगी नव्हतीच. मी अर्जाचा कोरा कागद आणला आणि पडवीत आत्याबाईशेजारी बसून लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीवर अडले. अर्जदाराचं नाव.

तिच्या आधार कार्डावर सासरचं नाव आहे, लग्नात नवऱ्याच्या घरच्यांनी बदलून ठेवलेलं. ज्या घरातून ती गाठोडं घेऊन निघाली त्या घराचं. तिला त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. बाबा तिला बाई म्हणायचे, आई आत्याबाई म्हणायची, गावही तेच म्हणायचं. तिच्या बापाने तिचं नाव काय ठेवलं होतं ते मला माहीत नव्हतं. पाखराच्या नावासाठी मी गावाशी भांडले, आणि पन्नास वर्षांत बाईचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मी कानाशी वाकून विचारलं. ती क्षणभरही थांबली नाही. नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं, आणि मग माझ्याकडून तीन वेळा म्हणवून घेतलं. "बराबर लिवजो," म्हणाली. लिहून झाल्यावर तिने शाईत अंगठा बुडवला आणि असा दाबला की कागदाखालची पाटी हलली.

अर्ज तहसिलीत पडून आहे. भावाने हरकत घेतली आहे. तारखा पडतात आणि प्रत्येक तारखेला मी शहापूरहून बस धरून जाते. आत्याबाईचं ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्याला वाचायचं असेल त्याने थोडं थांबावं आणि सातबाऱ्यावर वाचावं.